आम्ही गाणं ऐकायला गेलो होतो

पुण्याला गाणं ऐकायला चाललोय, हे मी त्या आठवड्यात बऱ्याच जणांना सांगितलं आणि एकानंही ते आहे तसं घेतलं नाही. शाळेतल्या मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज बघून विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?" शेजारच्या वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवायचंय का काही?" माझ्या सख्ख्या भावानं फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "बरं. पण काम काय आहे?"

हेच काम होतं. पण बाईमाणसाला पन्नाशीनंतर गावाबाहेर पडायला देव, दवाखाना नाहीतर लग्न, यांपैकी एक कारण लागतं. चौथं कारण सांगितलं की समोरच्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय.

आम्ही तिघी. मी सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते, एकटी राहते. बाकी दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एकीच्या घरचं धान्याचं आणि मिरचीचं दुकान आहे. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. गाडी तिची आणि चालवणारीही तीच. दुसरी शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या घरातली. माहेरी टॉवेलचा कारखाना, सासरीही टॉवेलचाच. लहानपणी ती तिच्या काकांकडं तबला शिकली होती. काका भजनी मंडळात वाजवायचे. मुलगी मोठी झाली म्हणून घरच्यांनी तबला सोडायला लावला. तरी आजही गप्पा मारताना तिची बोटं मांडीवर चाललेली असतात.

तो बँड आमच्यापर्यंत आला तो तिच्यामुळंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला अंथरुणात पडून राहावं लागलं. मालिका बघून बघून ती इतकी वैतागली की मुलीनं तिच्या फोनवर काहीतरी लावून दिलं आणि कॉलेजला निघून गेली. ते एका जॅम बँडचं वाजवणं होतं. पाच जण, त्यांत सॅक्सोफोन वाजवणारी एक बाई. ठरलेली गाणी ठरल्याप्रमाणं म्हणायची नाहीत. एक धून धरायची, एकमेकांकडं कान देत ती वाढवत न्यायची आणि ती जिथं नेईल तिथं जायचं. एकेक तुकडा अर्धा अर्धा तास चालायचा. मैत्रिणीनं तो पहिला तुकडा ऐकला आणि मला फोन केला. "अगं, हे लोक सात मात्रांत चाललेत आणि कुणाला सांगतही नाहीत!"

मला मात्रा-बित्रा कळत नाहीत. पण कंबर तलावाच्या कडेनं संध्याकाळी फिरताना आम्ही तिघी तिच्या फोनवर ते ऐकायला लागलो आणि हळूहळू मलाही कळायला लागलं, की आत्ता गिटारवाल्यानं काहीतरी विचारलंय आणि सॅक्सोफोनवाली लगेच उत्तर देणार नाहीये, जरा थांबवणार आहे. दुकानवाली म्हणायची, "आमच्या घरात असं एकमेकांचं ऐकून कुणी बोललं असतं तर किती बरं झालं असतं." ती हे गमतीनं म्हणत नव्हती.

मग कळलं की हे लोक पुण्याजवळ एका मोकळ्या मैदानावर वाजवणार आहेत, रविवारी दुपारपासून. तिकिटं काढली. पूर्व भागातलीच्या बहिणीचं घर हडपसरला, तिथं मुक्काम ठरला.

रविवारी सकाळी निघालो. मोहोळ मागं पडेपर्यंत दुकानवालीच्या घरून दोनदा फोन आला. एकदा दिरांचा, गोदामाची किल्ली कुठं आहे म्हणून. ती नेहमीच्या खिळ्यालाच होती. दुसऱ्यांदा नवऱ्याचा, "गाडी कोण चालवतंय?" म्हणून. गेली कितीतरी वर्षं ती बाई अक्कलकोटपासून लातूरपर्यंत मालाच्या कामासाठी स्वतः गाडी नेते, तेव्हा कुणी विचारत नाही. तिनं "ड्रायव्हर" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

भिगवणच्या अलीकडं चहाला थांबलो. डावीउजवीकडं केळीच्या बागा, पलीकडं उजनीचं पाणी. हॉटेलमालक म्हातारे, गळ्यात माळ, स्वतः चहा घेऊन आले.

"कुटं निघालाव ताई? आळंदी का?"

"नाही. गाणं ऐकायला."

"म्हंजे कीर्तन हाय व्हय?"

"कीर्तन नाही, बँड आहे."

त्यांनी आमच्या तिघींकडं आळीपाळीनं बघितलं. "लग्नातला?"

"नाही हो, नुसता बसून ऐकायचा."

"आन मंडळी मागनं येत्यात का?"

"मंडळी घरी आहेत," दुकानवाली म्हणाली. "मंडळींना नाही आवडत."

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "असूंदे की. आवडल्यालं ऐकावं." त्या अख्ख्या आठवड्यात एवढं सरळ बोललेला तो एकटा माणूस. आम्ही त्यांच्याकडं दुसऱ्यांदा चहा घेतला.

मैदानाच्या फाटकाशी पोरापोरींची झुंबड होती. आम्ही रांगेत लागलो. तपासणी करणारी मुलगी आमच्यापर्यंत आली, हसली आणि हात लांब करून म्हणाली, "काकू, पालकांसाठी तिकडे मंडप आहे. पंखे आहेत, पाणी आहे. कार्यक्रम संपला की मुलं तिथेच येतील."

मला आधी कळलंच नाही. पूर्व भागातलीनं फोनवरची तिकिटं पुढं केली. मुलीनं ती बघितली आणि म्हणाली, "हो, पण ही मुलांची ना? मुलांना स्वतः यावं लागेल."

"कोणती मुलं?" मी विचारलं.

"तुमची."

"मला मुलंच नाहीत."

तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या अंगावर ओरडले. मग तिनं कुणालातरी बोलावलं. त्यानं तिकिटं तपासली, पुन्हा तपासली, आमची ओळखपत्रं मागितली. आमच्या मागच्या-पुढच्या एकाही पोराचं ओळखपत्र त्यानं मागितलं नव्हतं. दुकानवालीचं कन्नड सुरू झालं. मी तिचा दंड धरला. शेवटी मनगटावर कागदी पट्ट्या बांधून आम्हाला आत सोडलं, सोडताना तो म्हणाला, "एन्जॉय करा हं मावशी. आवाज फार मोठा असतो, सांभाळा."

आवाज मोठा असतो म्हणे. जिचं निम्मं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं तिला!

आत गेल्यावर मात्र राग विसरायला झाला. उन्हं उतरत होती. स्टेजच्या बऱ्यापैकी जवळ गवतावर जागा मिळाली. ते पाचही जण आले, नमस्कार-चमत्कार काही न करता वाद्यं लावायला लागले आणि लावता लावताच वाजवणं सुरू झालं. कुठं सुरू झालं ते सांगता येणार नाही. सॅक्सोफोनवाली आमच्याच वयाची निघाली. फोनच्या छोट्या पडद्यावर ते कधी कळलं नव्हतं. केस पांढरे, पायांत साध्या चपला. पूर्व भागातलीनं माझा हात दाबला.

आजूबाजूची पोरं बोलत होती. म्हणजे सारखी बोलत होती. एक जण मागं उभा राहून नव्या ऑफिसातल्या भांडणाची हकिगत सांगत होता. दोघीजणी स्टेजकडं पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होत्या, एक काढून झाला की दुसरा. मी शिक्षिका आहे, मागच्या बाकावरची कुजबुज मला पाठमोरी ऐकू येते. दोनदा वळून बघितलं. त्यांनी मला गोड हसून दाखवलं.

मग ती सात मात्रांची धून आली. पूर्व भागातलीनं पहिल्या दोन आवर्तनांतच ओळखली आणि उठून उभी राहिली. गुडघ्यामुळं तिला फार वेळ खाली बसवत नाही, हेही एक कारण होतं. आम्हीही उठलो. ती पाय आपटून सम दाखवत होती, म्हणजे आवर्तन जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा. आणि आम्ही दोघी तिचा पाय बघून आपला पाय टाकत होतो. ड्रमवाला मुद्दाम ती जागा झाकत होता आणि आम्ही तिघी ती शोधत होतो. एकदा सापडली. मग परत सापडली. मी डोळे मिटले. काय सांगू, शाळा, पेपर, घर, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं.

आणि मागून आरडाओरडा झाला. "आज्जी! आज्जी! आज्जी!"

डोळे उघडले तर समोर कॅमेरा. छातीला पट्टा बांधलेला एक तरुण कॅमेरा घेऊन आमच्या तोंडापासून हातभर अंतरावर, आणि त्याच्यामागं स्टेजच्या बाजूच्या प्रचंड पडद्यावर आम्ही. माझ्या कपाळावरचा घाम, दुकानवालीची सुटलेली वेणी, पूर्व भागातलीचा पाय. पोरं शिट्ट्या मारत होती. ऑफिसच्या भांडणाची हकिगत सांगणारा आता दोन्ही हात वर करून आमच्याकडं बघत नाचत होता. कॅमेरावाला हातानं खुणा करत होता, अजून नाचा, अजून.

"बंद कर," मी म्हणाले.

त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं. तो म्हणाला, "मस्त दिसताय मॅम! एकदा फ्लाइंग किस द्या ना!"

दुकानवालीनं कॅमेऱ्याच्या काचेवर पंजा ठेवला. पडद्यावर तिचा तळहात मैदानाएवढा दिसला आणि लोक आणखीच ओरडले. त्यांना वाटलं हाही आमचा विनोदच. स्टेजवर ते पाच जण वाजवतच होते. सॅक्सोफोनवालीनं मान वर करून पडद्याकडं बघितलं आणि परत डोळे मिटून घेतले. त्या तुकड्यातली पाचही जण एकदम समेवर येतात ती अवघड जागा, जिच्यासाठी आम्ही सोलापूरहून आलो होतो, ती याच गोंधळात होऊन गेली. सगळं मैदान आमच्याकडं बघत होतं आणि वाजवणाऱ्यांकडं कुणीच बघत नव्हतं. मला रडू यायला लागलं. अपमानाचं कमी, संतापाचं जास्त.

आम्ही तिथून निघालो आणि पार मागं, कुंपणाजवळ गेलो. तिथून माणसं बोटाएवढी दिसत होती. पण तिथं कुणी नव्हतं आणि आवाज स्वच्छ येत होता. पुढचा तासभर आम्ही कुंपणाला टेकून उभ्या राहिलो आणि नुसतं ऐकलं. तो तास मात्र आमचाच होता. अंधार पडला तसं त्यांनी एक अगदी संथ, लांबत जाणारं वाजवलं. दुकानवालीनं मध्येच डोळे पुसले आणि म्हणाली, "मला काही विचारू नका." आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना टेंभुर्णीजवळ पोचलो आणि माझा फोन वाजायला लागला. आधी शाळेतली सहशिक्षिका, मग भाची, मग मुख्याध्यापक. सगळ्यांनी तोच व्हिडिओ पाठवला होता. 'कूल आज्जींनी मैफल लुटली', वर हसरे चेहरे. दुकानवालीनं गाडी एका रसवंतीपाशी बाजूला घेतली. तिघींनी माना एकत्र करून तो बघितला.

आम्हीच होतो. पण संगीत ते नव्हतं. त्या बँडचा आवाज काढून टाकून कार्यक्रमाच्या आयोजकांनी खाली एका लग्नाच्या वरातीतलं धांगडधिंगा गाणं चिकटवलं होतं. त्या गाण्याच्या ओळींवर आमची तोंडं, त्या गाण्यावर माझे मिटलेले डोळे. जणू आम्ही तिघी दोनशेहून जास्त किलोमीटर गाडी हाणत त्यावर नाचायला गेलो होतो.

पूर्व भागातलीनं तो परत लावला, मग परत. तिचा चेहरा लाल व्हायला लागला.

"बेताल," ती म्हणाली.

"काय?"

"मी बेताल दिसतेय! ते गाणं चारचं आहे आणि माझा पाय सातात पडतोय. बघ की, बघ! सगळ्या सोलापूरला वाटणार, हिला साधा ताल कळत नाही. माझे काका असते ना..." लोकांनी आज्जी म्हटलं, हसले, पडद्यावर चढवलं, ते सगळं तिनं गिळलं होतं. हे तिला गिळता येत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, की माणसाला खरंखुरं कुठं लागतं हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

"होगली बिडु," दुकानवाली म्हणाली. जाऊ दे, सोड. आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, का सोडायचं?"

आम्ही सोडलं नाही. मी त्या आयोजकांना लिहिलं: आमच्या परवानगीशिवाय चित्रण केलंत, वर खोटा आवाज लावलात, तो काढा. उत्तर आलं, 'मॅम, खूप पॉझिटिव्ह रिस्पॉन्स आहे! लव्ह यू!' आणि तीन बदाम. पुन्हा लिहिलं. पुन्हा बदाम. तिसऱ्यांदा त्यांनी पुढच्या कार्यक्रमाला आम्हाला फुकट बोलावलं, एका अटीवर: आम्ही एकसारख्या नऊवारी साड्या नेसून यायचं.

पूर्व भागातलीच्या मुलीनं त्याच तुकड्याचं खरं वाजवणं शोधून काढलं, आमच्या चित्रावर बसवलं आणि टाकलं. पाय अचूक पडत होते. ते जेमतेम चार नातेवाइकांनी बघितलं. एकानं खाली लिहिलं, 'पहिलं जास्त मजेशीर होतं.'

दुकानवालीच्या दिरांनी दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "वहिनी, आता आपल्या मिरचीच्या जाहिरातीत नाचणार काय?" तिनं तिथल्या तिथं गल्ल्याची किल्ली त्यांच्या हातात दिली, घरी आली आणि पुढचा आठवडाभर दुकानाची पायरी चढली नाही. हिशेब कुठं अडले, माल कुणाकडून यायचा, काही कुणाला कळेना. शेवटी नवरा सांगायला आला तेव्हा म्हणाली, "दिरांना म्हणावं, नाचून बघा, जमतंय का." दीर स्वतः येऊन चुकलं म्हणाले. पण व्हिडिओ चुकला असं ते म्हणाले नाहीत, त्यांचं बोलणं चुकलं एवढंच म्हणाले.

आणि आमचे मुख्याध्यापक. त्यांनी मला स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलवायचं ठरवलं. "मॅडम, तुमच्यामुळं शाळेचं नाव झालं. मुलांपुढं तीच स्टेप एकदा करा. शाल-श्रीफळ देतो."

"सर, मी भूगोल शिकवते," मी म्हणाले. "इतकी वर्षं शिकवते. त्यासाठी कधी शाल निघाली नाही ती."

"अहो, गमतीनं घ्या हो."

"नाही घेणार."

नंतर स्टाफरूममध्ये एकजण म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता? लोकांना आनंद झाला की." हेच मी सगळीकडं ऐकलं. लोकांना आनंद झाला. लोकांना झाला ना, मग तुमच्याकडून जे हिसकावून घेतलं ते विसरा. आनंद कुणाचा मोडून झाला, हे कुणी विचारत नाही. म्हाताऱ्या बाईनं गाण्यात डोळे मिटले तर ती ऐकतेय, असं या लोकांना सुचतच नाही. ती गोड दिसते, एवढंच सुचतं.

परवा तलावावर फिरत होतो. हिरवी साडी, पांढरे बूट अशा एक अनोळखी बाई समोरून आल्या आणि थबकल्या. "अगंबाई, तुम्हीच की त्या! करून दाखवा ना जरा."

मी तोंड उघडणार एवढ्यात पूर्व भागातलीनं त्यांचा हात धरला, बाकावर बसवलं आणि स्वतःच्या कानातले इयरफोन काढून त्यांच्या कानांत घातले. "आधी हे ऐका. आम्ही ह्याच्यावर होतो."

मला वाटलं, दोन मिनिटांत उठतील. बाई बसून राहिल्या. सुरुवातीला इकडंतिकडं बघत होत्या, मग पाण्याकडं बघायला लागल्या. एकदा त्यांचा बूट हलला. पूर्व भागातली त्यांच्या शेजारी बसून मांडीवर बोटं टेकवत त्यांना सम दाखवत होती. आम्ही दोघी उभ्याच होतो. तुकडा संपेपर्यंत तलावावरचे दिवे लागले.

बाईंनी इयरफोन काढले आणि आमच्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मग तिथं दुसरंच गाणं कुणी लावलं?"

"त्यांनीच लावलं," मी म्हणाले.

"आणि तुम्हाला न विचारता?"

"हो."

"अहो, पण ही तर शुद्ध लबाडी झाली!" बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "दुसऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा आणि वर हसायचं? मेल्यांना कुणी खडसावलं नाही?"

त्या बराच वेळ बोलत राहिल्या, हातवारे करून, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आम्ही तिघी त्यांच्यासमोर उभ्या होतो, आणि आमच्या वतीनं दुसरं कुणीतरी संतापलेलं ऐकून मला कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.